नाव नसलेल्या सुरांची धनीण : डेलिया डर्बीशायर
(द्वितीय वर्ष कला)

आमच्या घरी सकाळ व्हायची ती आकाशवाणीच्या सुरावटीने. आबा पहाटेच उठून चुलीपाशी बसत आणि कोनाड्यातला रेडिओ लावत. केंद्राचे कार्यक्रम सुरू होण्याआधी तंबोऱ्याच्या साथीवर व्हायोलिनची ती छोटीशी धून वाजे आणि मग निवेदकाचा आवाज येई. शाळेला निघण्याची घाई, म्हशीची धार, आईच्या शिलाई मशीनची खडखड या सर्वांत ती धून अशी मिसळून गेली होती, की ती कोणी तरी केव्हा तरी बांधली असेल असे कधी मनातही आले नाही. कोंबड्याच्या आरवण्याला कर्ता असतो काय? तसेच ते. महाविद्यालयात आल्यावर ग्रंथालयात एक जुने मासिक चाळताना समजले, की ती धून वॉल्टर कॉफमन या ज्यू संगीतकाराची आहे. नाझींच्या राजवटीमुळे युरोप सोडून तो १९३४ साली मुंबईस आला आणि पुढे तेथील आकाशवाणी केंद्रावर पाश्चात्त्य संगीत विभागाचे काम पाहू लागला. कोट्यवधी कानांनी ऐकलेली धून. आणि तिच्या कर्त्याचे नाव आमच्या गावात एकालाही ठाऊक नाही!

या गोष्टीची पुन्हा आठवण व्हावी असा प्रसंग गेल्या हिवाळ्यात घडला. वसतिगृहात परीक्षेचा अभ्यास करता करता रात्री उशिरा मी मोबाईलवर परदेशी नभोवाणी केंद्रे धुंडाळीत होते. एका केंद्रावर नव्या संगीताचा कार्यक्रम चालू होता. त्यात ठेका जवळजवळ नव्हताच. सूर धुक्यासारखे येत आणि विरून जात. गाणारीचा आवाज विहिरीच्या तळातून यावा तसा दुरून येई. शब्द कळत नव्हते आणि कळावेत असेही वाटत नव्हते. अशा संगीताला तिकडे ॲम्बियंट म्हणतात, म्हणजे खोलीतल्या हवेसारखे आपल्याभोवती नुसते असणारे संगीत. त्याचेच एक भावंड म्हणजे स्वप्नाळू चालींची ती इलेक्ट्रॉनिक गाणी. भीमसेनजी आणि लावणी यांच्यावर वाढलेल्या माझ्यासारख्या मुलीला हे सारेच नवे होते. एकामागून एक नव्या मंडळींच्या रचना झाल्यावर निवेदकाने आणखी एक रचना लावली. वाळवंटात संध्याकाळ उतरावी असे काही तरी ते होते. मला ती सर्वांत नवी वाटली. रचना संपल्यावर निवेदकाने सांगितले, की ही पन्नास वर्षांहून जुनी आहे, एका स्त्रीने केलेली आहे, आणि तिच्यातला मुख्य सूर दिव्याच्या पत्र्याच्या शेडमधून काढलेला आहे.

त्या रात्री अभ्यास झाला नाही हे प्राध्यापकांनी कृपया माफ करावे. ती स्त्री म्हणजे डेलिया डर्बीशायर. तिच्याविषयी जे शोधले, वाचले आणि ऐकले, ते या अंकाच्या वाचकांपुढे ठेवीत आहे.

भोंग्यांचे संगीत

डेलियाचा जन्म ५ मे १९३७ रोजी इंग्लंडमधील कॉव्हेंट्री या कारखान्यांच्या शहरात झाला. वडील एडवर्ड हे पत्र्याचे काम करणारे कामगार. आईचे नाव एमा. घर साधे, कष्टकऱ्याचे. डेलिया दोन वर्षांची असतानाच दुसरे महायुद्ध सुरू झाले. कॉव्हेंट्रीत मोटारींचे आणि विमानांच्या भागांचे कारखाने असल्यामुळे जर्मन विमानांचा डोळा त्या शहरावर होता. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री तेथे इतका भयंकर बाँबहल्ला झाला, की शहराचा मध्यभाग आणि जुने कॅथीड्रल जळून गेले. डेलिया तेव्हा साडेतीन वर्षांची होती.

हल्ल्याची सूचना देणारा भोंगा खालीवर होत राही आणि धोका टळल्याचा भोंगा एकाच सुरात लांबत जाई. हे आवाज लहान मुलीने ऐकले ते आधी भीतीने. पण त्यांचा अर्थ कळायच्या वयाआधी ते तिच्या कानात नुसते आवाज म्हणून बसले. त्यांना चाल नव्हती, शब्द नव्हते, वाद्य नव्हते. आपल्या पुढच्या सगळ्या संगीताचे मूळ या भोंग्यांत आहे असे डेलिया मोठेपणी सांगत असे. हल्ल्यानंतर सुरक्षिततेसाठी तिला प्रेस्टन या गावी नातलगांकडे नेण्यात आले. तेथे पहाटे गिरणीत जाणाऱ्या कामगारांच्या लाकडी तळव्यांच्या बुटांचा दगडी रस्त्यावर जो टाळ उठे, तोही तिच्या स्मरणात कायमचा राहिला. आपल्याकडे गिरणगावात वाढलेल्या माणसांना गिरणीचा भोंगा आणि पहिल्या पाळीची पावले ही काय चीज आहे ते सांगायला नको.

मुलगी कमालीची हुशार होती. चार वर्षांची असताना ती वर्गातल्या इतर मुलांना लिहावाचायला शिकवीत असे. आठव्या वर्षी आईवडिलांनी तिला पियानो घेऊन दिला. पण तिची खरी शाळा म्हणजे घरातला रेडिओ. नाटके, भाषणे, जगभरचे संगीत हे सारे त्या एका पेटीतून तिच्यापर्यंत आले. ज्या घरात शिकलेले माणूस नसते, त्या घरात रेडिओ हाच पहिला शिक्षक असतो. हे वाक्य मी कोणत्याही पुस्तकातून घेतलेले नाही, आमच्या कोनाड्यातून घेतलेले आहे.

गणिताकडून स्वरांकडे

बार्स हिल या शाळेतून शिक्षण पुरे करून डेलियाने ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या दोन्ही विद्यापीठांत प्रवेश मिळवला. कामगाराच्या मुलीने, तेही गणितासाठी, १९५६ च्या सुमारास हे करणे सोपे नव्हते. केंब्रिजमध्ये स्त्रियांना पूर्ण पदवी देण्यास सुरुवात झाली तीच मुळी १९४८ साली. डेलिया शिष्यवृत्ती घेऊन तेथील गर्टन या स्त्रियांच्या महाविद्यालयात दाखल झाली. पहिल्या वर्षी विजेच्या गणिती सिद्धांतात तिला यश मिळाले, पण बाकी विषयांत मात्र ती मागे पडली. तेव्हा तिने गणिताला संगीताची जोड देण्याचे ठरवले आणि १९५९ साली गणित व संगीत या विषयांत पदवी घेतली. मध्ययुगीन संगीत आणि आधुनिक संगीत हे तिचे खास अभ्यासाचे विषय होते.

येथे क्षणभर थांबावेसे वाटते. पहिल्या वर्षी मागे पडणे, विषय बदलणे, घरच्यांना ते समजावून सांगणे हे आपल्यापैकी कितीतरी जणांनी अनुभवले आहे. शिष्यवृत्तीवर गेलेल्या मुलीने ते करणे म्हणजे केवढे धाडस! आणि पुढे असे दिसते, की या दोन विषयांपैकी एकही जर तिने सोडला असता, तर तिच्या हातून जे घडले ते घडलेच नसते.

पदवी मिळाल्यावर नोकरीचा प्रश्न आला. विद्यापीठाच्या नोकरी मार्गदर्शन कार्यालयात जाऊन डेलियाबाईंनी सांगितले, की आपल्याला ध्वनी, संगीत आणि ध्वनिशास्त्र यांत रस आहे. तेथे त्यांना कमी ऐकू येणाऱ्यांसाठी श्रवणयंत्रे बनविण्याचा किंवा समुद्राची खोली मोजण्याचा धंदा सुचविण्यात आला! डेक्का या ग्रामोफोन कंपनीकडे अर्ज केला, तेव्हा आपल्या ध्वनिमुद्रणगृहात स्त्रियांना काम दिले जात नाही, असे स्पष्ट उत्तर मिळाले. मग जिनिव्हात जाऊन मुत्सद्द्यांच्या मुलांना पियानो आणि गणित शिकविणे, आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेत सहायकाचे काम, परत येऊन कॉव्हेंट्रीत प्राथमिक शाळेत मास्तरकी, त्यानंतर लंडनला एका संगीत प्रकाशकाकडे नोकरी, असे दीड वर्ष गेले. नोव्हेंबर १९६० मध्ये त्यांना ब्रिटिश नभोवाणीत, म्हणजे बी. बी. सी. मध्ये, शिकाऊ सहायक स्टुडिओ व्यवस्थापकाची जागा मिळाली.

मैदा व्हेलची कार्यशाळा

लंडनच्या मैदा व्हेल भागात चाकांच्या बुटांवर घसरण्याच्या खेळासाठी बांधलेली एक जुनी इमारत बी. बी. सी. ने स्टुडिओंसाठी घेतली होती. तेथे १९५८ साली रेडिओफोनिक वर्कशॉप नावाचा विभाग सुरू झाला. डेस्मंड ब्रिस्को आणि डॅफ्नी ओरम हे त्याचे संस्थापक. नभोनाट्यांना आणि इतर कार्यक्रमांना कोणत्याही वाद्यातून निघणार नाहीत असे आवाज पुरवायचे, हे या विभागाचे काम. यंत्रे बहुतेक इतर विभागांनी टाकून दिलेली. तेथील माणसांना संगीतकार म्हणण्याचा प्रघात नव्हता. ती सहायक होती. पुष्कळांना त्या विभागात पाठवले जाणे ही शिक्षा वाटे. डेलियाबाई मात्र आपणहून तेथे जाण्यासाठी मागे लागल्या आणि एप्रिल १९६२ मध्ये तेथे रुजू झाल्या. पुढील अकरा वर्षांत त्यांनी जवळजवळ दोनशे नभोवाणी व दूरचित्रवाणी कार्यक्रमांना आवाज आणि संगीत दिले.

हे काम कसे चाले ते समजून घेतल्याशिवाय त्याची थोरवी कळणार नाही. त्या वेळी सिंथेसायझर, म्हणजे पट्टी दाबताच हवा तो विजेचा सूर देणारे वाद्य, बाजारात नव्हते. संगणकाचे तर नावच नको. वर्कशॉपमध्ये ऑसिलेटर होते. हे उपकरण एका वेळी एकच शुद्ध सूर देते, आणि ते मुळात प्रयोगशाळेत इतर यंत्रे तपासण्यासाठी असते. रेडिओवर दोन केंद्रांच्या मध्ये जी खरखर ऐकू येते, तशी खरखर निर्माण करणारे यंत्र होते. ती गाळून तिच्यातून वारा, वाफ, लाटा असे आवाज काढता येत. आणि होती ती ध्वनिफीत. बाटली, तार, पत्रा, मनुष्याचा आवाज, काहीही ध्वनिमुद्रित करावे आणि मग फीत वेगळ्या वेगाने फिरवावी. फीत दुप्पट वेगाने फिरवली की सूर एक सप्तक वर चढतो. निम्म्या वेगाने फिरवली की एक सप्तक खाली उतरतो. एका सप्तकाचे बारा सारखे भाग करायचे तर प्रत्येक स्वराची कंपनसंख्या आधीच्या स्वराच्या सुमारे १.०५९ पट हवी. हे गुणाकार डेलियाबाई लॉगॅरिथमची कोष्टके घेऊन करीत. मग प्रत्येक स्वराची फीत मोजून, ब्लेडने कापून, चिकटपट्टीने दुसऱ्या स्वराला जोडायची. सेकंदाला १५ इंच या वेगाने फीत फिरत असेल, तर अर्ध्या सेकंदाचा स्वर म्हणजे साडेसात इंचाचा तुकडा. ताल बोटांवर धरायचा नाही, पट्टीने मोजायचा! गणिताला भिऊन कला शाखेत आलेल्या आम्हां मंडळींना हे वाचून लाज वाटावी.

ती धून

१९६३ साली बी. बी. सी. च्या दूरचित्रवाणीवर ‘डॉक्टर हू’ ही काळातून प्रवास करणाऱ्या एका विलक्षण माणसाची मालिका सुरू व्हायची होती. तिची शीर्षक धून रॉन ग्रेनर या ऑस्ट्रेलियन संगीतकाराने लिहिली. त्याने कागदावर स्वरांची रूपरेषा दिली आणि बाजूला वाऱ्याचे बुडबुडे, ढग असे आवाज सुचविणारे शब्द लिहिले. एवढ्या सामग्रीवरून प्रत्यक्ष संगीत उभे करण्याचे काम डेलियाबाईंकडे आले. डिक मिल्स हे त्यांचे मदतनीस होते.

धुनीचा जो धडधडणारा खालचा भाग आहे, तो एकच तार छेडून, तो एकच आवाज वेगवेगळ्या वेगांत उतरवून, तुकड्या तुकड्यांनी जोडून केलेला आहे. वरची तरंगणारी चाल ऑसिलेटरची. मधले फूत्कार गाळलेल्या खरखरीचे. सगळ्या फिती एकत्र वाजवायच्या तर अनेक पट्ट्यांचे एकच यंत्र नव्हते. म्हणून दोन-तीन टेपयंत्रे एकाच क्षणी हाताने सुरू करायची आणि ती जुळेपर्यंत पुन्हा पुन्हा प्रयत्न करायचा. एकदा काही केल्या मेळ बसेना. कोठे तरी एक तुकडा चुकला होता. तेव्हा त्यांनी सगळ्या फिती मैदा व्हेलच्या लांबच लांब बोळातून जमिनीवर शेजारी शेजारी अंथरल्या आणि जोड ओळीत आहेत की नाहीत ते पाहात गेले. जेथे जोड ओळीत नव्हता, तेथेच चूक सापडली. शेतात सरी वाकडी गेली की बांधावर उभे राहून जशी दिसते, तसेच हे.

तयार झालेली धून ऐकून ग्रेनर थक्क झाला. हे खरोखर आपणच लिहिले आहे काय, अशी शंका त्याला आली. त्या माणसाचा मोठेपणा असा, की सहसंगीतकार म्हणून डेलियाबाईंचे नाव लागावे आणि मानधनाचा निम्मा वाटा त्यांना मिळावा, असे त्याने सुचविले. संस्थेने ते मान्य केले नाही. वर्कशॉपमधील नोकरांची नावे जाहीर करायची नाहीत असा तेथील शिरस्ता होता. मालिकेचा पहिला भाग २३ नोव्हेंबर १९६३ रोजी दाखविण्यात आला. पडद्यावर ग्रेनरचे नाव आणि वर्कशॉपचे नाव होते, डेलियाबाईंचे नव्हते. त्यांनी घडवलेली ती धून १९८० पर्यंत वाजत राहिली. इंग्लंडमधील मुलांच्या दोन पिढ्या ती ऐकून कोचामागे दडल्या. डेलियाबाईंना मिळाला तो महिन्याचा पगार.

स्वप्नांची नभोवाणी

या एका धुनीमुळे त्यांचे नाव आज घेतले जाते, पण मला स्वतःला त्यांची नभोवाणीवरील कामे अधिक मोलाची वाटतात. १९६४ व १९६५ या वर्षांत बॅरी बरमांज या लेखकाबरोबर त्यांनी चार नभोरचना केल्या. पहिलीचे नाव ‘स्वप्ने’. ती जानेवारी १९६४ मध्ये बी. बी. सी. च्या तिसऱ्या कार्यक्रमावर लागली. साध्यासुध्या माणसांना बोलते करून त्यांची स्वप्ने ध्वनिमुद्रित केलेली. कोणी मागे लागलेल्यापासून पळत आहे, कोणी पडत आहे, कोणी अनोळखी प्रदेशात आहे, कोणी पाण्याखाली आहे, कोणाला नुसते रंग दिसत आहेत. ही बोलणी कापून, पुन्हा जुळवून, त्यांच्याखाली डेलियाबाईंनी विजेच्या सुरांचे संथ पाणी सोडले. कथा नाही, नट नाहीत, गाणे नाही. तरी ऐकणाऱ्याला वाटते की आपणच झोपेत आहोत. पुढल्या तीन रचनांत परमेश्वर, मरणोत्तर जीवन आणि म्हातारपण यांविषयी लोकांचे बोल होते. आज ज्याला ॲम्बियंट म्हणतात तो शब्द संगीतात रुळण्याच्या कितीतरी वर्षे आधी हे घडले होते, आणि तेही घरोघरच्या रेडिओवर!

मी प्रारंभी ज्या रचनेचा उल्लेख केला, ती सहाराच्या वाळवंटातील तुआरेग जमातीवरील माहितीपटासाठी केलेली होती. त्या जमातीचे पुरुष निळे बुरखे घेतात. उंटांचा तांडा वाळूतून दूर जात आहे, उष्णतेने हवा थरथरत आहे, याला कोणते वाद्य द्यावे? स्टुडिओत दिव्यावरची एक जुनाट हिरवी पत्र्याची शेड होती. तिच्यावर टिचकी मारली की सुरेख निनाद उठे. डेलियाबाईंनी तो ध्वनिमुद्रित केला. टिचकीचा पहिला टणत्कार कापून टाकला आणि मागे राहिलेली नुसती आस ठेवली. मग तिच्यात कोणकोणत्या कंपनसंख्या आहेत त्याचे पृथक्करण करून त्यांतील प्रमुख बारा निवडल्या आणि वर्कशॉपच्या बारा ऑसिलेटरांवर तो आवाज नव्याने उभा केला. उंटांच्या पावलांसाठी स्वतःचा आवाज कापून वापरला. घंटेचा टोल विसरून नुसती घंटेची आस ऐकावी, तसे ते संगीत आहे. आपल्याकडे तंबोरा लावणाऱ्याला ही आस म्हणजे काय ते कळते. जव्हारी नीट बसली की तारेतून इतर स्वर आपोआप ऐकू येऊ लागतात; डेलियाबाई तेच पत्र्याच्या शेडमध्ये ऐकत होत्या.

नोकरीबाहेरही त्यांचे प्रयोग चालू होते. १९६६ साली ब्रायन हॉजसन आणि पीटर झिनोव्हिएफ यांच्याबरोबर त्यांनी विजेच्या संगीताचा प्रसार करण्यासाठी एक गट काढला. तो फार टिकला नाही. पुढे हॉजसन आणि डेव्हिड व्होरहाउस यांच्याबरोबर ‘व्हाइट नॉइज’ या नावाने त्यांनी एक लाँग प्ले तबकडी केली. ती १९६९ साली निघाली. तिच्यात गाणी आहेत, पण ती स्वप्नात ऐकू यावीत अशी. तबकडी सुरुवातीला फारशी खपली नाही. नंतर मात्र तिच्यापासून अनेक नव्या संगीतकारांनी धडा घेतला.

मौन

१९७० च्या सुमारास वर्कशॉपमध्ये मोठाले सिंथेसायझर आले. पट्टी दाबा आणि सूर घ्या. काम झटपट होऊ लागले, तसे ते झटपट मागितलेही जाऊ लागले. एका सुराच्या मागे चार दिवस घालविणाऱ्या डेलियाबाईंना हे मानवेना. १९७३ साली त्यांनी बी. बी. सी. सोडली. त्यानंतर थोडेफार काम करून त्यांनी संगीतरचना जवळजवळ थांबविली. उत्तर इंग्लंडमध्ये गॅसची नळवाहिनी टाकण्याचे काम चालू होते तेथे त्या बिनतारी यंत्र चालवू लागल्या. पुढे एका चित्रदालनात आणि एका पुस्तकाच्या दुकानात त्यांनी नोकरी केली. मद्याच्या व्यसनाने त्यांना ग्रासले. १९८० पासून त्या नॉर्दम्प्टन येथे राहात. दोन दशकांहून अधिक काळ त्यांच्याकडून जगाला नवे असे काही मिळाले नाही.

थोरांच्या चरित्रात असा भाग आला की लेखक तो दोन ओळींत उरकतात, कारण त्यातून तात्पर्य काढता येत नाही. मलाही ते काढता येत नाही. एवढे मात्र वाटते, की ज्याच्या कामावर त्याचे नाव नसते, त्याने काम थांबविले तर ते कोणाच्या लक्षातही येत नाही. सूर चालूच राहतो. धून वाजतच राहते.

१९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस पीटर केंबर नावाच्या एका तरुण संगीतकाराने त्यांना शोधून काढले. धुक्यासारखे, लांबलचक सुरांचे संगीत करणाऱ्या ‘स्पेसमेन थ्री’ या गटाचा तो एक प्रमुख. नव्या पिढीला आपले काम ठाऊक आहे, हे पाहून डेलियाबाईंना पुन्हा उमेद आली. दोघे ध्वनी आणि कंपने यांवर बोलत, प्रयोग करीत. पण वेळ थोडा उरला होता. ३ जुलै २००१ रोजी, वयाच्या ६४ व्या वर्षी, मूत्रपिंडाच्या विकाराने त्यांचे निधन झाले.

माळ्यावरच्या फिती

निधनानंतर त्यांच्या घराच्या माळ्यावर २६७ ध्वनिफिती आणि सुमारे हजार कागद सापडले. त्या दिवसांचे धन त्यांनी जपून ठेवले होते. हा ठेवा पुढे मँचेस्टर विद्यापीठाकडे आला आणि फितींवरील संगीत संगणकात उतरविण्यात आले. त्यांतील १९६० नंतरच्या दशकातला एक तुकडा ऐकून आजच्या नृत्यसंगीताचे जाणकारही चकित झाले. तो त्यांना आपल्याच काळातला वाटला. मला वसतिगृहाच्या खोलीत जो भास झाला, तो एकटीचा नव्हता तर!

मग मानसन्मान आले. २०१३ साली ‘डॉक्टर हू’ मालिकेला पन्नास वर्षे झाली. त्या निमित्ताने दाखविलेल्या खास भागात पडद्यावर पहिल्यांदा डेलिया डर्बीशायर हे नाव झळकले. पन्नास वर्षांनी! आणि मरणानंतर बारा वर्षांनी. २०१७ साली कॉव्हेंट्रीतील त्यांच्या घरावर निळी स्मृतिपाटी बसली आणि त्याच वर्षी कॉव्हेंट्री विद्यापीठाने त्यांना मरणोत्तर डॉक्टरेट दिली. मँचेस्टरमध्ये त्यांच्या नावाने एक दिवस साजरा होऊ लागला. हे सगळे चांगलेच झाले. पण ते वाचून समाधान मानावे असे मला वाटेना. पाटी भिंतीला मिळाली, बाईला नाही.

आणि आपण

पुढच्या वर्षी आम्हां द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्यांना विशेष विषय निवडायचा आहे. आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच, त्यामुळे विषय निवडण्याचा अनुभव घरात कोणालाच नाही. सल्ला मात्र सर्वांकडे आहे. मामांचे म्हणणे, ज्याने भरतीच्या परीक्षेत गुण मिळतात तो विषय घे. आबांचे म्हणणे, मामा म्हणतात ते ऐक. मला संगीत घ्यायचे आहे. त्याचा उपयोग काय, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि डेलियाबाईंचे चरित्र वाचूनही ते मिळाले असे म्हणता येणार नाही. त्यांना ना पैसा मिळाला ना नाव. पण श्रवणयंत्रांचा धंदा सुचविणाऱ्या त्या कार्यालयाचे ऐकून त्या घरी गेल्या असत्या, तर ती वाळवंटातली संध्याकाळ माझ्या खोलीत कधीच उतरली नसती. मी अर्ज भरला आहे. घरी दिवाळीच्या सुट्टीत सांगितले.

सांगताना ही सगळी हकीकत आईला ऐकवली. आई शर्ट शिवते. कापलेले तुकडे व्यापाऱ्याकडून येतात, ती ते जोडते, आणि कॉलरखाली व्यापाऱ्याच्या नावाची पट्टी लावते. मशीन न थांबवता ती ऐकत होती. फितींचे तुकडे मोजून जोडण्याचे तिला लगेच समजले; मलाच उगीच वाटले होते की समजावून सांगावे लागेल. त्या बाईला धुनीचे पैसे मिळाले का, असे तिने विचारले. मी म्हटले, पगार मिळाला, वाटा नाही. नाव? तेही नाही. मग मशीन थांबवून ती थोडा वेळ गप्प बसली, आणि म्हणाली की निदान तू तरी त्यांचे नाव नीट, पुरते लिही.

तेव्हा ते येथे पुरते लिहिते : डेलिया ॲन डर्बीशायर. मु. कॉव्हेंट्री. धंदा, सूर जोडणे.